कोरड्या मिथेनॉलमधील मॅग्नेशियम: थोड्याशा पाण्याने धातूवर नेमका कोणता थर बसतो?

प्रयोगवही (प्रश्न)

नमस्कार. मी एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. अगदी कोरडे मिथेनॉल लागते तेव्हा आम्ही ते जुन्या पद्धतीने, मॅग्नेशियम आणि आयोडीन वापरून तयार करतो. ५ ग्रॅम मॅग्नेशियमचा कीस, ०.५ ग्रॅम आयोडीन आणि ६०-७० मिलिलिटर मिथेनॉल चंबूत घेऊन कोमट केले, की आयोडीनचा तपकिरी रंग हळूहळू जातो, हायड्रोजनचे बुडबुडे जोराने सुटू लागतात आणि कीस विरघळत जातो. मग उरलेले मिथेनॉल घालून काही वेळ उकळायचे आणि ऊर्ध्वपातन करायचे.

गेल्या महिन्यात एकाच दिवशी दोन बाटल्या वापरल्या. नव्याने उघडलेल्या बाटलीतील मिथेनॉलमध्ये सर्व काही नेहमीप्रमाणे घडले. दुसरी बाटली पावसाळ्यापासून वापरात होती आणि तिचे झाकण अनेकदा उघडले गेले होते. त्या मिथेनॉलमध्ये सुरुवातीला थोडे बुडबुडे आले, नंतर ते थांबले आणि कीस मळकट, निस्तेज होऊन तळाशी पडून राहिला. आणखी आयोडीन घातले, तापमान वाढवले, तरी फरक पडला नाही. कार्ल फिशर पद्धतीने पाणी मोजले तेव्हा ते सुमारे १.६ टक्के निघाले.

पाणी असले की धातू गंजतो, असे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे. इथे मात्र कोरड्या द्रवात धातू संपून गेला आणि पाणी असलेल्या द्रवात तो टिकला. इतक्या थोड्या पाण्याने मॅग्नेशियमवर कोणता थर बसतो, तो निव्वळ अल्कोहोलमध्ये (मिथेनॉल हेही अल्कोहोलच) का बसत नाही आणि हे मॅग्नेशियमपुरतेच आहे की इतर धातूंचेही असेच होते, हे मला समजून घ्यायचे आहे.

धातुपरीक्षक

आपले निरीक्षण अचूक आहे आणि ते मॅग्नेशियमपुरते नाही. या पद्धतीसाठी मिथेनॉलमध्ये सुरुवातीलाच १ टक्क्याहून कमी पाणी असावे लागते, ही अट प्रयोगशाळेत नेहमी सांगितली जाते. तिचे कारण त्या थरातच आहे.

आधी पाण्यात काय होते ते पाहू. धातूचा अणू पृष्ठभागावरून सुटण्याच्या बेतात असतो तेव्हा त्याला पाण्याचा रेणू भेटतो. त्या रेणूतला ऑक्सिजन धातूला मिळतो, हायड्रोजन आयनरूपाने द्रावणात जातो आणि धातूच्या जागीच ऑक्साइड किंवा हायड्रॉक्साइड तयार होते. हे संयुग न विरघळणारे आणि सलग असले, तर काही नॅनोमीटर जाडीचा थर पुढची झीज थांबवतो. १ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. स्टेनलेस स्टीलवरचा क्रोमियमसमृद्ध थर साधारण १ ते ३ नॅनोमीटरचाच असतो, तरी भांडे वर्षानुवर्षे चकचकीत राहते ते त्याच्याच बळावर. या थराचे खरे सामर्थ्य त्याच्या जाडीत नसून ओरखडा पडल्यावर क्षणार्धात पुन्हा तयार होण्यात आहे, आणि तसे होण्यासाठी ऑक्सिजन देणारे काहीतरी सतत हाताशी असावे लागते.

अल्कोहोलच्या रेणूतही ऑक्सिजन असतो, पण तो कार्बनला घट्ट बांधलेला असतो. धातूला ऑक्साइड हवे असेल तर कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातला बंध तुटावा लागतो आणि साध्या तापमानाला तो सहजी तुटत नाही. त्याऐवजी ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातला बंध तुटतो, हायड्रोजन वायू होऊन निघून जातो आणि धातूला चिकटतो तो अख्खा अल्कॉक्साइड गट, म्हणजे तो हायड्रोजन गेल्यावर उरलेला अल्कोहोलचा रेणू. आपल्या चंबूत मॅग्नेशियम मिथॉक्साइड तयार होते आणि ते मिथेनॉलमध्ये बऱ्यापैकी विरघळते. म्हणजे उत्पादन पृष्ठभागावर टिकतच नाही, धातू पुन्हा उघडा पडतो आणि अभिक्रिया चालू राहते. इथेनॉलमध्ये हाच प्रयोग सावकाश आणि गढूळपणे चालतो, कारण मॅग्नेशियम इथॉक्साइड इथेनॉलमध्ये फारच कमी विरघळते. थर राहणार की जाणार, याचा निकाल बहुतांशी या विद्राव्यतेवर लागतो.

आता पाणी आले की काय होते? मिथॉक्साइड पाण्याशी तत्काळ अभिक्रिया करून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बनते आणि मिथेनॉल परत सुटते. मिथेनॉल कोरडे करण्यासाठी आपण याच गुणाचा उपयोग करून घेतो. पण पाणी जास्त असेल तर हे न विरघळणारे हायड्रॉक्साइड धातूच्या पृष्ठभागावरच, धातू विरघळू पाहतो तिथेच साचते. आयोडीनचे काम मुळातला ऑक्साइडचा थर जागोजागी फोडण्याचे आहे. ते काम त्याने दोन्ही बाटल्यांमध्ये केले. फरक इतकाच, की ओल्या बाटलीत प्रत्येक भोक लगेच बुजत गेले. आपण पाहिलेला मळकटपणा तो हाच.

मॅग्नेशियमच्या बाबतीत फार तर प्रयोग फसतो. टायटॅनियमच्या बाबतीत मात्र उलट, कोरड्या द्रवात थर न सांधला गेल्याची किंमत फार मोठी झाली होती. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील डाउनी येथे अपोलो यानाच्या मुख्य इंजिनाच्या इंधनाच्या टाकीची दाबचाचणी चालू होती. टाकी टायटॅनियमच्या मिश्रधातूची होती, ज्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. प्रत्यक्ष इंधन हायड्रॅझिनवर्गीय आणि अतिशय विषारी असल्यामुळे चाचणीसाठी त्याच्याऐवजी मिथेनॉल भरले होते आणि ते निरुपद्रवी समजले जात होते. टाकी दाबाखाली असताना फुटली. तपासात निष्कर्ष निघाला तो असा, की मिथेनॉल आणि ताण यांच्या संयुक्त परिणामाने धातूत तडे गेले होते. हे यान क्रमांक ०१७ होते, ज्याचा अंतराळवीरांसाठीचा कक्ष पुढे नोव्हेंबर १९६७ मध्ये अपोलो ४ म्हणून मानवरहित उड्डाणावर गेला. त्यानंतर टायटॅनियमच्या टाक्यांसाठी मिथेनॉल वापरणे बंद झाले.

टायटॅनियम हा गंजरोधासाठी नावाजलेला धातू आहे. समुद्राच्या पाण्यात तो जवळजवळ अभेद्य असतो, कारण त्याचा ऑक्साइडचा थर फाटला तर भोवतालचे पाणीच तो सांधते. कोरड्या मिथेनॉलमध्ये क्लोराइडचा अंश असला, अगदी काही दशलक्षांश भाग असला, तरी तो थर कुठेतरी भेदला जातो आणि सांधायला पाणी नसते. ताणाखाली असलेल्या टाकीत तडा उघडतो, तड्याच्या टोकाशी उघडा धातू येतो, तो अल्कॉक्साइडच्या रूपाने विरघळतो आणि तडा पुढे सरकतो. द्रावणात हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असला, तरी तड्याच्या तळाशी तो पुरेशा वेगाने पोहोचत नाही. यावरचा उपाय पाण्याचाच आहे. टायटॅनियम आणि मिथेनॉल एकत्र वापरायचेच असतील, तर मिथेनॉलमध्ये २ ते ५ टक्के पाणी राखण्याची शिफारस उद्योगात केली जाते, आणि क्लोराइड जास्त असेल तितके पाणीही जास्त लागते.

एक जोड देतो. त्याच काळात टायटॅनियमच्या टाक्यांमध्ये नायट्रोजन टेट्रॉक्साइड हा ऑक्सिडीकारक भरल्यावरही तडे गेले होते. तिथे अडचण होती ती तो द्रव अधिक शुद्ध करून त्यातला नायट्रिक ऑक्साइडचा अंश काढून टाकल्याची. तो अंश मुद्दाम परत ठेवल्यावर तडे थांबले. अशुद्धी म्हणून आपण जे काढून टाकतो, त्यावर कधी कधी धातूचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून द्रव बदलताना किंवा अधिक शुद्ध करताना धातूची चाचणी नव्याने घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आसवनी देखभाल

वरील विवेचन फार उपयोगी आहे. तरी त्यातून “थर बसला म्हणजे धातू सुरक्षित” असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून लिहितो. मी दक्षिण महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या आसवनीत देखभाल विभागात आहे. आमच्याकडे रेक्टिफाइड स्पिरिट, म्हणजे ऊर्ध्वपातन केलेले इथेनॉल तयार होते, त्यात वजनाने साधारण ४ ते ५ टक्के पाणी असते. साध्या ऊर्ध्वपातनाने त्याहून कमी पाणी करता येत नाही, कारण त्या प्रमाणाला दोन्ही द्रव एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी ते पाणी काढावेच लागते आणि ते काम मोलेक्युलर सिव्ह, म्हणजे पाण्याचे रेणू धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र खड्यांनी भरलेला खांब करतो. म्हणजे त्या खांबाच्या एका बाजूला ओले इथेनॉल आणि दुसऱ्या बाजूला कोरडे, असे दोन वेगळे द्रव आमच्या पाइपांतून रोज वाहतात, आणि पोलाद दोन्हीकडे सारखे वागत नाही.

कोरड्या इंधन-इथेनॉलच्या टाक्या साध्या कार्बन स्टीलच्या असतात. १९९० च्या दशकापासून अमेरिकेत अशा टाक्यांच्या आणि पाइपांच्या वेल्डिंगच्या जोडांजवळ तडे आढळू लागले. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २००३ मध्ये त्यावर तांत्रिक अहवाल काढला. पुढच्या अभ्यासांतून जे समोर आले ते मला नेहमी विचारात पाडते. तडे पडण्यासाठी विरघळलेला ऑक्सिजन आवश्यक असतो. नायट्रोजन सोडून तो काढून टाकला तर तडे पडत नाहीत. पाणी सुमारे ०.१ टक्का ते ४.५ टक्के या पट्ट्यात असले की धोका असतो आणि त्याहून जास्त पाण्यात तडे थांबतात. क्लोराइडने धोका वाढतो.

म्हणजे इथे ऑक्सिजन आणि थोडेसे पाणी मिळून पोलादावर थर बसवतात, म्हणूनच सपाट पत्र्याची सर्वत्र सारखी झीज होत नाही. पण तो थर अर्धवट सक्षम असतो. वेल्डिंगनंतर उरलेल्या ताणामुळे किंवा टाकी भरताना-रिकामी होताना पत्रा वाकल्यामुळे थर एखाद्या रेषेवर फाटतो. आजूबाजूचा सर्व पृष्ठभाग झाकलेला राहतो आणि सारी झीज त्या एका रेषेत एकवटते. थर मुळीच नसता तर पत्रा सगळीकडून हळूहळू पातळ झाला असता आणि जाडी मोजताना ते आमच्या लक्षात आले असते. तडा मात्र जाडी मोजून सापडत नाही.

आणखी एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. असे तडे मुख्यतः पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणाऱ्या डेपोंच्या टाक्यांत आणि पाइपांत नोंदले गेले, इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांत नाहीत. ताजे इथेनॉल टँकरमधून भरताना, ओतताना, साठवताना वाटेत हवा पीत जाते, हे त्याचे एक पटणारे स्पष्टीकरण आहे. १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रित पेट्रोलमध्येही असे तडे नोंदले गेलेले नाहीत. आपल्या राज्यातील आसवन्यांमध्ये नव्या टाक्या उभ्या राहत आहेत, त्यांच्या बांधणीत वेल्डिंगनंतरचे उष्णता-उपचार आणि आतून योग्य इपॉक्सीचा लेप या दोन बाबींवर तडजोड होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रयोगवही

दोघांचेही मनापासून आभार. हायड्रॉक्साइड धातूवरच साचण्याचा मुद्दा मला आता स्पष्ट झाला. एक उपप्रश्न विचारते. आमच्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल ॲल्युमिनियमच्या डब्यात येते आणि वर्षभर तसेच राहते, डब्याला काहीही होत नाही. ॲल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड तयार करताना मात्र आम्ही त्याच अल्कोहोलमध्ये ॲल्युमिनियमचे तुकडे उकळून संपवतो. धातू तोच, द्रव तोच, मग दोन टोकाची वागणूक कशी?

धातुपरीक्षक

यात तीन गोष्टी बदलतात: तापमान, पाणी आणि मूळ थराची अखंडता.

डब्याच्या आतल्या पृष्ठभागावर हवेत असतानाच ऑक्साइडचा २ ते ४ नॅनोमीटरचा थर बसलेला असतो. थंड अल्कोहोल तो थर विरघळवत नाही. कुठे बारीक दोष असला तर अल्कोहोलमधले अंशमात्र पाणी तो बुजवते. म्हणजे डबा सुरक्षित असतो तो बाहेर, हवेत मिळवलेल्या थरामुळे. निव्वळ अल्कोहोलने त्यात काही भर घातलेली नसते.

संश्लेषणात आपण तोच थर हेतुपुरस्सर मोडतो. मर्क्युरिक क्लोराइडचे कण घातले की पारा मोकळा होऊन ॲल्युमिनियमशी मिसळतो आणि पारामिश्रित पृष्ठभागावर ऑक्साइड सलग धरून राहू शकत नाही. त्यात द्रव ८२ अंश सेल्सिअसला उकळत असतो, ॲल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड गरम अल्कोहोलमध्ये विरघळते आणि आपण कॅल्शियम क्लोराइडची नळी लावून हवेतले बाष्प बाहेर ठेवलेले असते. थर सांधणारा एकही घटक आपण चंबूत शिल्लक ठेवत नाही.

पाऱ्याशिवायही ही झीज होऊ शकते, फक्त तापमान जास्त आणि अल्कोहोल पुरेसे कोरडे असावे लागते. इथेनॉलमिश्रित इंधनाच्या संदर्भात तिला अल्कोहोलेट गंज म्हणतात. तिची एक घातक सवय अशी, की सुरुवातीला बराच काळ काहीच दिसत नाही. थर टिकलेला असतो तोवर धातू शांत असतो, आणि तो एका जागी तुटला की तिथून हायड्रोजन सुटत झीज वेगाने पसरते. म्हणून इंजिनाजवळच्या गरम ॲल्युमिनियमच्या भागांची चाचणी खोलीच्या तापमानाला घेऊन निष्कर्ष काढणे योग्य नाही. इंधनात काही दशांश टक्के पाणी असले तरी ही झीज थांबते किंवा फार लांबते.

जुने रेडिओ

मी धातुशास्त्राचा अभ्यासक नाही. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करतो. पण हाच विषय माझ्या हातात रोज येतो, म्हणून लिहितो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा वीज साठवणारा भाग म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी, आणि तिच्यातल्या द्रवाचा आधार बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतो. ग्लायकॉल हेही अल्कोहोलच आहे, फक्त त्यात हायड्रॉक्सिल गट दोन असतात. त्यात अमोनियम बोरेट किंवा अमोनियम ॲडिपेट यांसारखा क्षार आणि बेताचे पाणी असते. धन बाजूच्या पत्र्यावर विजेच्या दाबाने ऑक्साइडचा थर चढवलेला असतो. त्याची जाडी दर व्होल्टमागे साधारण १.३ नॅनोमीटर धरतात, म्हणजे ५०० व्होल्टला तयार केलेला थर सुमारे ६५० नॅनोमीटरचा होतो. निसर्गतः बसणाऱ्या थरापेक्षा तो दीडशे ते तीनशे पट जाड झाला.

रेडिओ वीस-तीस वर्षे बंद पडून राहिला की या थरात दोष तयार होतात. एकदम पूर्ण व्होल्टेज दिले तर गळतीचा प्रवाह वाढून कपॅसिटर तापतो आणि फुटतो. म्हणून मी मोठा रोधक जोडून व्होल्टेज काही तासांत हळूहळू वाढवतो. दोषांच्या जागी नवे ऑक्साइड तयार होत जाते आणि गळती डोळ्यांदेखत मीटरवर कमी होत येते. धातुपरीक्षक यांनी लिहिलेली थर सांधण्याची क्रिया मीटरच्या काट्यावर पाहायला मिळते, असे म्हणता येईल. त्या नव्या ऑक्साइडला लागणारा ऑक्सिजन मुख्यतः ग्लायकॉलमधल्या त्या बेताच्या पाण्यातूनच येतो. मात्र पाणी फार झाले आणि त्याला आवर घालणारा घटक द्रवात नसला, तर उलट ऑक्साइडचे हायड्रॉक्साइड होते, हायड्रोजन साठतो आणि डब्याचे डोके फुगते. २००० नंतरच्या काही वर्षांत संगणकांच्या मदरबोर्डवर असे फुगलेले कपॅसिटर पुष्कळांनी पाहिले असतील.

प्रयोगवही

सर्वांच्या उत्तरांनंतर परवा आम्ही तो प्रयोग मुद्दाम पुन्हा मांडला आणि त्याची नोंद इथे ठेवते. नव्या, कोरड्या मिथेनॉलचे ५० मिलिलिटरचे दोन भाग घेतले. एकात १ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घातले, दुसरा तसाच ठेवला. दोन्हींत सारख्या वजनाचा मॅग्नेशियमचा कीस आणि सारखे आयोडीन टाकले. मिथेनॉल विषारी आणि हायड्रोजन ज्वालाग्राही असल्यामुळे हे सर्व धूरकपाटात आणि ज्योतीपासून दूर केले.

कोरड्या भागात काही मिनिटांत आयोडीनचा रंग गेला आणि कीस विरघळू लागला. ओल्या भागात बुडबुडे सुरू झाले आणि मंदावत जाऊन थांबले. थांबलेला कीस बाहेर काढून भिंगाखाली पाहिला तेव्हा त्यावर करडी-पांढरी साय दिसली. तो कीस अगदी विरल हायड्रोक्लोरिक आम्लात क्षणभर बुडवला, तेव्हा साय गेली आणि धातूची चकाकी परत आली. कोरड्या मिथेनॉलने दोनदा खळबळून तो कोरड्या भागात टाकला, तर तिथे तो बाकीच्या किसाबरोबर विरघळून गेला. आम्लाने स्वच्छ केलेला दुसरा तुकडा ओल्या भागात परत टाकला होता. त्याच्यावर थोड्याच वेळात पुन्हा तीच साय चढली.

विद्यार्थ्यांना दोन्ही चंबू शेजारी ठेवून दाखवले. आता तिसरा भाग अर्धा टक्का पाण्याचा घेऊन ही साय नेमक्या किती पाण्यापासून टिकू लागते, ते आम्ही पुढच्या आठवड्यात मोजणार आहोत.